साहेबांची फ्रेंड रिक्वेस्ट

नोकरी लागली की आपल्याकडे आधी जामसावळीला नारळ फुटतो, मग पेढे वाटले जातात आणि मग मावशीपासून आत्यापर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर पोराचा गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो फिरतो. इथपर्यंत सगळं छान असतं. पंधरा-वीस दिवसांनी पोराच्या फोनवर एक सूचना येते. त्याच्या मॅनेजरने फेसबुकवर फ्रेंड रिक्वेस्ट पाठवलेली असते, नाहीतर इन्स्टाग्रामवर त्याला फॉलो केलेलं असतं. आता करायचं काय? स्वीकारली तर साहेबांना चुलतभावाच्या वरातीतला आपला नाच दिसणार. नाकारली तर परवा त्याच साहेबांसमोर उभं राहून सुट्टी मागायची आहे. मग पोरगं तिसरा मार्ग काढतं. रिक्वेस्ट तशीच पडू देतं, आणि ऑफिसात साहेब समोर दिसले की उगाच फोन खिशात घालतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न त्या पोरापुढे यायलाच नको होता. बरोबरीच्या माणसाने पाठवलेली रिक्वेस्ट ही विचारणा असते. ज्याच्या हातात आपली पगारवाढ, रजा आणि वर्षाचा शेरा आहे त्याने पाठवलेली रिक्वेस्ट ही विचारणा राहत नाही, त्याच्या मनात तसं काही नसलं तरीही. म्हणून वरच्याने खालच्याला रिक्वेस्ट पाठवू नये. खालच्याने स्वतःहून पाठवली तर स्वीकारायची की नाही ते वरच्याने ठरवावं, कारण नाही म्हणण्याने त्याचं काही बिघडत नाही. इतकी साधी गोष्ट मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांच्याही लक्षात येत नाही. बहुतेकदा त्यामागे वाईट हेतू नसतो. फेसबुकच दाखवतं, ‘या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल’, आणि साहेबांचं बोट पडतं.

पण पुण्या-बंगळुरूच्या लेखांत या विषयावर जे लिहिलेलं असतं ते आपल्याला तसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे गृहीत धरलेलं असतं की ऑफिस एकीकडे आणि घर दुसरीकडे, आणि सोशल मीडियामुळे ही दोन टोकं जवळ आली. आपल्या पांढुर्णा-सौंसरात ती कधी लांब होती? बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात शिफ्टवर जाणाऱ्या पोराचा सुपरवायझर मोहगावचा, त्याची सासुरवाडी लोधीखेड्याची आणि त्याच्या साळ्याचं लग्न आपल्या मामेबहिणीशी झालेलं, असं सहज घडतं. शाळेतल्या मुख्याध्यापक बाई आईच्या भिशीत असतात. नवा साहेब आला की पहिला प्रश्न ‘कोण गावचे तुम्ही?’ आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत नातं निघतंच. सोयरिकीत साहेब आणि साहेबांत सोयरीक, ही आपली जुनी रीत आहे.

मग आधीच्या पिढीने हे कसं निभावलं? निभावलं, कारण प्रत्येक भेटीला जागा होती आणि वेळ होती. लग्नाच्या पंगतीत साहेब म्हणजे भाऊजी, कारखान्याच्या फाटकाच्या आत तेच भाऊजी म्हणजे साहेब. पंगतीत त्यांची थट्टा केली तर ती पंगतीतच राहायची. सोमवारी ती थट्टा कागदावर छापून टेबलावर यायची नाही. फोनमध्ये पंगत आणि टेबल एकाच पडद्यावर आले आहेत. शिवाय तिथे जे लिहिलं ते पुसलं जात नाही. पंगतीतलं बोलणं हवेत विरत होतं, हे आज विरत नाही. सगळा फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

सुट्टीचं उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. ती चालू राहावी की बंद व्हावी हा वाद वेगळा आहे, दरवर्षी होणाऱ्या जखमा पाहता मी बंद व्हावी या बाजूचा आहे. पण त्या दिवशी गावाबाहेर नोकरी करणारं पोरगं घरी येतंच. पुण्याच्या साहेबाला गोटमार म्हणजे काय हे समजावून सांगता येत नाही, म्हणून ‘ताप आला आहे’ असा निरोप जातो. संध्याकाळी बालमित्र नदीकाठचा ग्रुप फोटो टाकतो आणि आपल्या नावाला टॅग करतो. आपण काही टाकलेलंच नसतं, तरी रात्री नऊला ऑफिसातल्या तीन जणांनी तो पाहिलेला असतो. त्यातला एक जण स्क्रीनशॉट घेतो. तो साहेबांकडे जाईलच असं नाही, पण जाऊ शकतो, आणि पुढचे सहा महिने आपल्याला खरोखर ताप आला तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. खोटं कारण सांगून घेतलेली रजा ही सोशल मीडियाची अडचण नाही. ‘गावचा सण आहे, घरी जायचं आहे’ हे कारण पुरेसं आहे, तेच सांगावं. जो साहेब त्याला नाही म्हणतो त्याला तापाची थापही फार काळ पटत नाही. पण रजा खरी असेल, तर रजेत तुम्ही कुठे गेलात, काय खाल्लंत, कोणासोबत हसलात हे तुमच्या फोटोंवरून तपासत बसण्याचा अधिकार सहकाऱ्याला नाही आणि मॅनेजरलाही नाही. आजारी माणूससुद्धा संध्याकाळी दाराशी बसून चहा पितो. त्या चहाचा फोटो दिसला म्हणून त्याचा आजार खोटा ठरत नाही.

आता जे खरोखर घडलं त्याकडे येऊ, कारण या विषयात ऐकीव गोष्टी फार फिरतात.

2012 च्या मे महिन्यात मुंबईत एअर इंडियाच्या दोन विमान कर्मचाऱ्यांना पोलिसांनी रात्री घरातून उचललं. फेसबुक आणि ऑर्कुटवर त्यांनी राजकीय नेत्यांविषयी आणि युनियनच्या भांडणाविषयी मजकूर टाकल्याची तक्रार होती. त्यांना बारा दिवस कोठडीत काढावे लागले, कंपनीने निलंबित केलं ते वेगळंच. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की तक्रार करणारा बाहेरचा कोणी नव्हता, त्याच कंपनीतला सहकारी होता. कामाच्या ठिकाणची खुन्नस आणि फोनवरचा मजकूर एकत्र आले की काय होतं, याचं आपल्या देशातलं हे सुरुवातीचं मोठं उदाहरण. त्यांच्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे 66अ कलम लावलं होतं ते त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींवरही वापरलं गेलं, आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आज त्या कलमाखाली कोणाला अटक होऊ शकत नाही. पण सहकाऱ्याची खुन्नस कोणत्याही न्यायालयाने रद्द केलेली नाही.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी शेजारचं, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचं. 2016 मध्ये तिथे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने दुसऱ्या महिला सदस्याविषयी घाणेरडी भाषा वापरली. ग्रुपच्या ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. 1 मार्च 2021 रोजी न्यायालयाने ॲडमिनवरचा खटला रद्द केला. ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय लिहील यावर त्याचा ताबा नसतो. दोघांनी आधीच ठरवून ते केलं असं दिसत नसेल तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी ॲडमिनला आरोपी करता येत नाही. हा निकाल नागपूरचा, आणि आपलं उच्च न्यायालय जबलपूरचं, तेव्हा तो इथे जसाच्या तसा बंधनकारक नाही, पण त्यातला विचार वकील इथेही मांडू शकतात. ऑफिसच्या ग्रुपचं ॲडमिनपद ज्यांच्या गळ्यात पडतं (ते नेहमी सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं), त्यांना यात थोडा दिलासा आहे. दिलासा खटल्यापुरता. घाण लिहिणाऱ्याला ग्रुपमधून काढायला न्यायालयाच्या आदेशाची गरज नसते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तमिळनाडू ग्रामीण बँकेच्या एका कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप ग्रुपवर वरिष्ठांच्या कारभाराची टिंगल करणारा मजकूर टाकला. तो वरपर्यंत पोचला आणि बँकेने त्याच्यावर आरोपपत्र बजावलं. ऑगस्ट 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ते आरोपपत्र रद्द केलं. दोन कर्मचारी चहाच्या टपरीवर साहेबांना नावं ठेवतात तेव्हा बँक कारवाई करत नाही. मग तीच कुरकूर बंद ग्रुपवर झाली तर ती गुन्हा कशी होईल, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश. संस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी साचतं, आणि ते बोलून मोकळं होण्याचा त्याला हक्क आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. त्याच वेळी कर्मचाऱ्याने व्यवस्थापनाशी सभ्यतेने वागावं, हेही बजावलं.

प्रत्येक ऑफिसात दोन ग्रुप असतात, हे आता गुपित राहिलेलं नाही. एक साहेबांसकट आणि एक साहेबांशिवाय. पहिल्यात ‘जी सर’, ‘नोटेड सर’ आणि हात जोडल्याची चित्रं. दुसऱ्यात खरं बोलणं. दुसरा ग्रुप असणं मला गैर वाटत नाही, चहाची टपरी तरी दुसरं काय असते? पण मदुराईचा निकाल वाचून हुरळून जाण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तो माणूस वर्षभर तरी आरोपपत्राचा कागद घेऊन फिरला असेल, वकिलाची फी भरली असेल. जिंकलेला खटलाही स्वस्त नसतो. आणि अशा निकालांमागे अभिव्यक्तीचं जे स्वातंत्र्य असतं ते मुख्यतः सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्ध मागता येतं. खासगी कंपनीत तुम्ही सही केलेला नेमणुकीचा करार आणि कंपनीची नियमावली आधी उघडली जाते. नोकरीत रुजू होताना चाळीस पानांवर आपण जी सही ठोकतो त्यात सोशल मीडियाचं एक पान बहुतेकदा असतं. ते कोणी वाचत नाही. वाचावं, दहा मिनिटं लागतात.

सरकारी नोकरीत असलेल्यांचं गणित आणखी वेगळं आहे. मध्य प्रदेशात वर्तणूक नियम आहेत 1965 चे, म्हणजे गावात टेलिफोनसुद्धा मोजकेच होते त्या काळचे. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, असा त्यांचा रोख, आणि आता फेसबुक पोस्टही त्याच मापाने मोजली जाते. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे जी कार्यालयं छिंदवाड्याला होती ती जवळ आली, साहेब जवळ आले, आणि ग्रुपही वाढले. शिक्षक, पटवारी, अंगणवाडीच्या ताई या सगळ्यांचा अर्धा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. इथे गल्लत अशी होते की सरकारी आदेश आणि गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल एकाच ग्रुपवर, एकाखाली एक येतात. कोणाच्या तरी वडिलांचं निधन होतं, मग भावपूर्ण श्रद्धांजलीचे ऐंशी निरोप पडतात आणि त्यांच्याखाली उद्याच्या बैठकीची वेळ दबून जाते. ती बैठक चुकली की नोटीस येते.

महाराष्ट्राने यात एक पाऊल टाकलं आहे. नागपूर-अमरावतीकडे नोकरी करणारे आपले बरेच जण त्यात येतात. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयाने तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना सांगितलं आहे की वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, वैयक्तिक फोटोत आणि रीलमध्ये शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत वापरू नका, गोपनीय कागद टाकू नका आणि सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका. कंत्राटी माणसांनाही हे लागू आहे. खाती वेगळी ठेवा, हा भाग मला पूर्ण पटतो. टीकेवरची बंदी पटत नाही. त्रिपुरात मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका बाईंना निवृत्तीला चार दिवस राहिले असताना फेसबुकवरच्या एका राजकीय पोस्टसाठी निलंबित केलं गेलं होतं. 2020 च्या जानेवारीत तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि म्हटलं की सरकारी नोकरीत आलं म्हणून माणसाचं बोलण्याचं स्वातंत्र्य संपत नाही, नियमांच्या मर्यादेत ते राहतं. नियम आणि हक्क यांच्यामध्ये अशी थोडी जागा आहे. पण त्या जागेत उभं राहायचं तर हातात निवृत्तीला आलेलं वय किंवा चांगला वकील असावा, हे व्यवहाराचं बोलणं झालं.

रात्रीच्या निरोपांचा त्रास फ्रेंड रिक्वेस्टपेक्षाही जास्त आहे, कारण रिक्वेस्ट एकदाच येते, निरोप रोज येतात. साडेदहाला फोन वाजतो, ‘उद्याचा रिपोर्ट झाला का?’ आपण पाहिलं की दोन निळ्या खुणा. निळ्या खुणांना किती वजन असतं हे ऐकायचं असेल तर जून 2018 मधली मुंबई उच्च न्यायालयातली एक गोष्ट सांगतो. क्रेडिट कार्डाची बाकी न भरलेला एक माणूस नोटीस घ्यायला सापडत नव्हता. ती पीडीएफ करून त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली गेली. निळ्या खुणा दिसल्या, फाइल उघडल्याचंही दिसलं, आणि न्यायालयाने नोटीस बजावली गेली असं मानलं. न्यायालय मानतं तिथे साहेब मानणारच. वैयक्तिक निरोपांसाठी या खुणा बंद करता येतात, मात्र मग दुसऱ्यांच्याही आपल्याला दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद होत नाहीत.

फ्रान्समध्ये 2017 पासून पन्नासहून अधिक कामगारांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून सुटका कशी देणार हे कामगारांशी बोलून ठरवावं लागतं. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून अवेळी आलेल्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला आहे, नकार अवाजवी नसेल तर. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या डिसेंबरात लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा होणं म्हणजे उंबराला फूल येणं. 1970 नंतर एकही झालेला नाही. तेव्हा तूर्त आपल्या हातात कायदा नाही, फक्त सवय आहे. पहिल्या महिन्यात रात्री अकराला दोन मिनिटांत उत्तर दिलंत की तीच तुमची कामाची वेळ ठरते. खरी निकड असेल तर माणूस फोन करतो. निरोपाला सकाळी नऊला ‘सर, आत्ता पाहिलं, दहापर्यंत पाठवतो’ असं लिहिलं तर जगबुडी होत नाही. शिफ्टवर मशीन बंद पडली असेल तर गोष्ट वेगळी, आणि बोरगावला जाणाऱ्यांना तो फरक मी सांगायला नको.

मुलींसाठी हा सगळा विषय एक पायरी वर चढतो, आणि इथे मला गंमत करावीशी वाटत नाही. सुरुवात फार साधी असते. साहेब प्रोफाइल फोटोवर प्रतिक्रिया देतात. मग स्टेटसला उत्तर. मग ‘आज साडीत छान दिसत होतीस’. मग रात्री ‘झोपली नाहीस अजून?’, कारण ऑनलाइन दिसली. यातल्या एकेका निरोपाची तक्रार कोणाकडे करायला गेलं तर समोरचा म्हणतो, ‘यात काय एवढं?’ पण सगळे एकाखाली एक ठेवले की दिशा दिसते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा नको असलेल्या शब्दांनाही लागू होतो, आणि ते शब्द ऑफिसच्या खोलीत उच्चारले की फोनवर लिहिले यावरून त्यांचं स्वरूप बदलत नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान दुकान, दवाखाना, शिकवणी वर्ग असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत करायची असते, कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. म्हणून निरोप पुसू नका. संतापून आधी ब्लॉक करून सगळं पुसून टाकतात आणि मग हातात काही उरत नाही. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, आणि तो घरातल्या एका विश्वासू माणसाकडे पाठवून ठेवा.

आणि घरच्यांनो, ती हे सांगायला आली तर पहिलं वाक्य ‘नोकरी सोड’ हे नसावं. दुसरं वाक्य ‘फोटो कशाला टाकतेस’ हेही नसावं.

घरच्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पोराच्या साहेबाला फेसबुकवर शोधून काढणारे वडील मी आपल्या भागात बरेच पाहिले आहेत. साहेब पांढुर्ण्याकडचे निघाले की वडिलांना राहवत नाही. रिक्वेस्ट जाते, मग साहेबांच्या वाढदिवसाला ‘आमच्या चिरंजीवांवर कृपादृष्टी असू द्यावी’ अशी शुभेच्छा भिंतीवर झळकते. चिरंजीव ते वाचतात आणि त्यांना वाटतं जमीन दुभंगावी. आईंचं वेगळंच असतं. लेकाने लिंक्डइनवर कामाविषयी काही गंभीर लिहिलं की खाली ‘शाब्बास बाळा, जेवलास का?’ माया समजू शकते, पण तिची जागा घरचा ग्रुप ही आहे. काकाजी, साहेबांना भेटायचंच असेल तर ते दिवाळीत गावी आले की घरी फराळाला बोलवा. ती जुनीच रीत बरी होती.

भाषेची एक गोष्ट खास आपली, दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. भोपाळ-इंदूरच्या ऑफिसात आपली पोरं हिंदीत काम करतात आणि मनातलं मराठीत लिहितात. स्टेटसवर साहेबांविषयी एखादी चपराक मराठीत टाकली की त्यांना वाटतं, कोणाला कळतंय! पण लिपी तीच, देवनागरी, आणि ‘फुकटचा रुबाब’ कळायला हिंदीवाल्याला कोश लागत नाही. उरलंसुरलं फेसबुक भाषांतर करून दाखवतं, आणि असं काही दाखवतं की मूळ वाक्यापेक्षा ते जास्त झोंबतं. मराठीचा आडोसा आता राहिलेला नाही. मराठीत जरूर लिहा, पण लपण्यासाठी नको.

फोनमधल्या सोयींवर फार लिहीत नाही, तुम्हाला त्या माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तरी ज्या दोन-तीन लोक वापरत नाहीत त्या सांगतो. व्हॉट्सॲप स्टेटससाठी काही संपर्क वगळता येतात, आणि ही यादी नोकरीच्या पहिल्याच दिवशी करावी, कारण ती पुढच्या स्टेटसपासून लागू होते, आधीच्या स्टेटसला नाही. फेसबुकवर टॅग केलेला मजकूर आपल्या भिंतीवर येण्याआधी आपल्याला विचारावा, अशी सोय आहे. ती चालू केल्याने फोटो मित्राच्या भिंतीवर राहतो, पण निदान आपल्या भिंतीवर चढत नाही. ग्रुप सोडला तर 2022 पासून फक्त ॲडमिनला कळतं, गावभर दवंडी पिटली जात नाही. ज्यांना परवडतं त्यांनी कामासाठी दुसरा नंबर घ्यावा. दुकानदारांनी आणि संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी हे कधीच केलं, भावाचे निरोप एका नंबरवर आणि घरचे दुसऱ्यावर. नोकरदारच मागे राहिले.

राहिली ती पडून असलेली रिक्वेस्ट. ती महिनोन्महिने तशीच ठेवू नका, त्याने दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. तोंडावर बोलायला जड जात असेल तर लिहून पाठवा. हिंदी साहेबांसाठी हिंदीत, आपल्या साहेबांसाठी मराठीत, मजकूर साधारण असा: ‘सर, तुमची फेसबुकची रिक्वेस्ट पाहिली. तिथे मी फक्त घरची आणि गावची मंडळी ठेवली आहेत, ऑफिसातलं कोणीच नाही. कामासाठी लिंक्डइनवर मी तुम्हाला आत्ताच जोडतो.’ आणि ‘ऑफिसातलं कोणीच नाही’ हे लिहिण्याआधी ऑफिसातल्या दोघा-तिघांना खरंच काढून टाका, कारण साहेब आधी तुमची मित्रयादी उघडून बघतील.